शेख हे नाव की आडनाव? अर्जाच्या रकान्यांचा इतिहास

हिंगोली, परभणी, नांदेडकडचा कुठलाही मुस्लिम माणूस आपले पूर्ण नाव सांगतो, तेव्हा ते साधारण असे असते : शेख अहमद शेख महबूब. किंवा सय्यद युसूफ सय्यद करीम. पठाण असेल तर युसूफखाँ करीमखाँ पठाण. यात मुलाचे नाव आहे, बापाचे नाव आहे आणि दोघांच्याही मागे-पुढे कुळाची ओळख आहे. शेकडो वर्षे हे नाव असेच चालले, कुणाचे काही अडले नाही. मग संगणकाच्या पडद्यावर तीन चौकोन आले : पहिले नाव, मधले नाव, आडनाव.

आता शेख अहमद शेख महबूब यांनी कुठल्या चौकोनात काय भरायचे? आडनाव शेख धरले, तर दुसरा शेख कुठे ठेवायचा? शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी लिहायची पद्धत, म्हणून दाखल्यावर ‘शेख अहमद महबूब’. आधारवर नावासाठी एकच सलग जागा, तिथे चारही शब्द. पॅनकार्डाच्या अर्जात आडनाव, पहिले, मधले असे वेगवेगळे रकाने, तिथे ऑपरेटरच्या मनाला येईल तसे. एकाच माणसाची तीन कागदांवर तीन नावे होतात आणि चौथा कागद काढायला गेला की ‘नाव जुळत नाही’ असा लाल अक्षरातला संदेश येतो. मग स्टॅम्प पेपर, शपथपत्र, नोटरी, पुन्हा रांग.

यावर आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. एक, आमच्याशी मुद्दाम असे करतात. दुसरी, तुमची नावेच विचित्र. मला दोन्ही पटत नाहीत. त्या चौकोनाला स्वतःचा एक इतिहास आहे. तो समजून घेतला तर लक्षात येते की दोष नावात नाही, बहुतेक वेळा कुणाच्या हेतूतही नाही. तो चौकोन आखणाऱ्याच्या अज्ञानात आहे, आणि दुरुस्ती अनेकदा स्क्रिप्टच्या चार-पाच ओळींत होण्यासारखी आहे.

सुरुवात शब्दांपासून करू. अर्ज हा शब्द अरबी. नमुना फारसी. तारीख अरबी. आपण कागदाच्या तळाशी करतो ती सही अरबी ‘सहीह’ची, म्हणजे बरोबर, खरे असे म्हणण्याची खूण. शिक्का, दाखला, तहसील, जमाबंदी, कैफियत, फर्द... मराठी माणसाचा सरकारी कागद दख्खनच्या सुलतानी कारभारात घडला आणि शिवकाळ, पेशवाई, इंग्रजी अंमल ओलांडून तसाच पुढे आला. गंमत अशी की जुन्या मोडी कागदांत मराठा शेतकऱ्याच्या नावातही बाप सांगायला ‘बिन’ वापरत. अमका बिन तमका. वलद हा शब्दही तसाच. बाईच्या नावापुढे ‘कोम’, म्हणजे अमक्याची बायको. मराठवाड्यातल्या मतदार याद्यांत आजही बाईच्या नावानंतर ‘भ्र.’ दिसते, ते भ्रतारचे लघुरूप. म्हणजे नाव लिहिताना नाते सांगणारा एक शब्द मध्ये ठेवायचा, ही इथली सर्वांचीच रीत होती. माणूस कोण, कुणाचा, कुठला, एवढे सांगितले की ओळख पुरी. आडनाव असलेच तर शेवटी, नसले तरी बिघडत नसे.

निजामाच्या राज्यात १८८० च्या दशकात वरच्या कारभारातून फारसी गेली आणि उर्दू आली. उर्दू कागदाचे रकाने ठरलेले : नाम, वल्दियत, कौम, पेशा, सुकूनत. वल्दियत म्हणजे कुणाचा मुलगा, कौम म्हणजे जात-जमात, सुकूनत म्हणजे राहण्याचे ठिकाण. हे रकाने हिंदूलाही तेच, मुसलमानालाही तेच. गावात मात्र पटवारी बसलेला. त्याचे दप्तर मराठीत, बहुधा मोडीत. म्हणजे हिंगोलीच्या एकाच शेताची नोंद गावात एका लिपीत आणि वर दुसऱ्या लिपीत. उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. त्यात कारकुनाची शिकस्ता वळणाची घाई. नुक्ते गळालेले, अक्षरे एकमेकांत गुंतलेली. वाचणारा मुरलेला असेल तरच नाव बरोबर लागते. मुहम्मद हे एकच नाव पुढे देवनागरीत मोहम्मद, महंमद, मोहंमद, महमद अशा चार-पाच रूपांत सापडते, त्याचे मूळ इथे आहे. कागद वाचून दाखवणाऱ्याने जो उच्चार केला, तो ऐकणाऱ्याने लिहिला. गावाचेही तसेच. वसमत म्हणावे की बसमत? महसुली मराठीत वसमत, रेल्वे स्थानकावर बसमत. गाव एकच.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले. त्या दिवशी दफ्तरी कॅलेंडरप्रमाणे फसली १३५७ हे वर्ष संपत आले होते. हैदराबादचे फसली साल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजुर महिन्याने सुरू व्हायचे. पुढे दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दीबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर आणि आबान. महिन्यांची ही नावे जुन्या इराणी पंचांगातली. मद्रास इलाख्यातले फसली साल १ जुलैला सुरू होई, त्याच्याशी याची गल्लत करून चालत नाही. आपल्या घरांतल्या ट्रंकेत जे जुने कागद आहेत, आजोबांच्या जमिनीचे, मशिदीच्या इनामाचे, त्यांवर हीच तारीख असते.

त्यानंतरच्या बारा वर्षांत हिंगोलीच्या माणसाने घर न सोडता तीन राज्ये पाहिली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य, मग द्विभाषिक मुंबई राज्य, १ मे १९६० पासून महाराष्ट्र. जिल्हा परभणीच राहिला, तो १ मे १९९९ ला विभागून हिंगोली जिल्हा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके त्यात गेले. १९७५ साली हिंगोलीत जन्मलेल्या माणसाच्या जन्मनोंदीवर जिल्हा परभणी आहे. आज तो ऑनलाइन अर्ज भरतो. ‘जन्माचा जिल्हा’ या यादीत परभणी निवडले तर खाली तालुक्यांच्या यादीत हिंगोली येत नाही. हिंगोली जिल्हा निवडला तर जन्मनोंदीशी जुळत नाही. औरंगाबाद आणि उस्मानाबादची नावे बदलल्यापासून तर मराठवाड्याच्या निम्म्या जुन्या कागदांवर ही अडचण आली आहे.

याच धामधुमीत १९५४-५५ च्या सुमारास खासरा पत्रके तयार झाली. कुणाच्या ताब्यात कुठले शेत, याची ही महत्त्वाची नोंद. त्याआधीचे १९५१ चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, गावचा जन्ममृत्यूचा नमुना नंबर १४, शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर, हे सगळे तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नव्हते. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा याच दप्तरांवरची धूळ झटकली गेली. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मान आला. जिल्हाधिकारी कार्यालये जाणकारांच्या शोधात फिरू लागली. ‘कौम’ या रकान्यात काय लिहिले आहे, यावर हजारो मराठा कुटुंबांचे भवितव्य टांगले गेले. उर्दू ही परक्यांची भाषा आहे असे ज्यांना वाटत होते, त्यांच्या आजोबांचा पुरावा उर्दूत निघाला. मला या घटनेचा आनंदच झाला, यात लपवण्यासारखे काही नाही.

मुस्लिम ओबीसींची गोष्ट याच्या उलटी आहे. महाराष्ट्रात इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही मानीव तारीख. तिच्या आधीच्या कागदावर जातीची नोंद दाखवावी लागते. मोमीन, बागवान, अत्तार, तांबोळी, मन्यार, नदाफ, खाटीक, फकीर या सगळ्या जाती-व्यवसायांची माणसे हिंगोली परिसरात पिढ्यानपिढ्या आहेत. पण शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला गुरुजींनी विचारले, ‘जात?’ त्याने सांगितले, ‘मुसलमान’. गुरुजींनी लिहिले, मुसलमान. किंवा नावातला शेख उचलून जातीच्या रकान्यात बसवला. त्या काळात त्यात वावगे काही नव्हते. पन्नास-साठ वर्षांनी नातीला इंजिनिअरिंगला प्रवेश हवा असतो, पडताळणी समितीपुढे फाइल जाते आणि तो एक शब्द आडवा येतो. निजामी कागदात ‘पेशा’ असा स्वतंत्र रकाना होता. त्यात ‘नूरबाफ’ किंवा ‘पिंजारा’ लिहिलेले सापडले तर तोच पुरावा ठरू शकतो. शाळेच्या रजिस्टरात पालकाचा व्यवसाय हा रकाना असतो, पण तिथे बहुतेकांच्या नावापुढे ‘मजुरी’. एका रकान्याची रुंदी एवढी महाग पडते.

आता संगणकाकडे येऊ.

वेबवरच्या पानात माहिती भरायचा चौकोन १९९३ च्या सुमारास आला. सुरुवातीला तो अगदी मुका होता. तुम्ही सगळे भरायचे, पाठवायचे, दूरच्या संगणकाने तपासायचे आणि चूक असेल तर पूर्ण पान परत पाठवायचे. फोनच्या तारेवरून चालणाऱ्या त्या काळच्या इंटरनेटवर यात मिनिटे जात. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्याच वर्षी अमेरिकेत ब्रेंडन आइक या तरुणाने नेटस्केप ब्राउझरसाठी दहा दिवसांत एक छोटी भाषा उभी केली, तीच जावास्क्रिप्ट. तिच्या पहिल्या मोठ्या उपयोगांपैकी एक म्हणजे अर्ज पाठवण्याआधी तिथल्या तिथे तपासणे. पटवाऱ्याने वही पुढे सरकवताना ‘अहो, गावाचे नाव राहिले’ म्हणावे, तसे काम. ही तपासणी म्हणजे एक सौजन्य आहे. खरी तपासणी सर्व्हरवर व्हायलाच हवी, कारण ब्राउझरमधली स्क्रिप्ट कुणीही बंद करू शकतो.

पण हे सौजन्य ज्याने लिहिले, त्याच्या डोळ्यांपुढे इंग्रजी नाव होते. पहिले, मधले, शेवटचे. हीच चौकट इथल्या प्रोग्रामरांनी उचलली. मुंबई इलाख्यातल्या ‘नाव, वडिलांचे नाव, आडनाव’ या सवयीशी ती बरी जुळली, म्हणून कुणाला खटकली नाही. तमिळ माणसाला खटकली, कारण त्याला आडनाव नाही, बापाच्या नावाचे आद्याक्षर आहे. इंडोनेशियात कोट्यवधी लोकांचे नाव एकाच शब्दाचे. आइसलँडमध्ये आजही बहुतेकांचे ‘आडनाव’ म्हणजे बापाचे किंवा आईचे नाव, अगदी आपल्या वल्दियतसारखे. अमेरिकेच्या व्हिसावर पहिले नाव सापडले नाही की ‘एफएनयू’ छापतात, म्हणजे पहिले नाव अज्ञात. ‘एफएनयू’ हेच आपले नाव झाले, असे सांगणारी कितीतरी माणसे तिथे आहेत. २०१० साली पॅट्रिक मॅकेन्झी या प्रोग्रामरने नावांबद्दल प्रोग्रामर ज्या खोट्या गोष्टी खऱ्या धरून चालतात, त्यांची यादीच लिहिली. ती जगभर वाचली गेली, चौकोन मात्र फारसे बदलले नाहीत.

मराठीत यावर आणखी एक थर आहे, लिपीचा. एखाद्या अर्जात स्क्रिप्टला सांगितलेले असते, ‘नावात फक्त अक्षरे चालतील’. तुम्ही ‘शेख’ लिहिता आणि अर्ज म्हणतो, चुकीचे अक्षर. का? युनिकोडच्या हिशेबात श आणि ख ही अक्षरे आहेत, पण मधली मात्रा ‘अक्षर’ या वर्गात येत नाही. ती ‘चिन्ह’ या वर्गात येते. प्रोग्रामरने अक्षरांना परवानगी दिली, चिन्हांना द्यायला विसरला. म्हणून शेख अडतो आणि ‘कमल’ विनासायास जाते, कारण तिला मात्राच नाही. स्क्रिप्टमध्ये एक वर्ग वाढवला की काम होते. लांबीचेही तसेच. ‘मोहम्मद’ आपल्याला चार अक्षरांचे दिसते, संगणक सात मोजतो : म, ओकार, ह, म, हलन्त, म, द. चौकोनाला वीसाची मर्यादा घातली असेल तर ‘मोहम्मद अब्दुल रहीम’ तेवढ्यातच बसते, पुढे बापाला जागा उरत नाही.

नुक्ता असलेल्या अक्षरांची तर वेगळीच तऱ्हा. ‘रज़िया’मधला ज़ संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो, एकसंध किंवा ज अधिक नुक्ता. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, मशीनला ती दोन वेगळी नावे वाटतात. जावास्क्रिप्टमध्ये दोन्ही नावे एका साच्यात आणायची सोय तयार आहे, फक्त एक शब्द लिहायचा असतो. तो न लिहिल्यामुळे रज़िया स्वतःशीच जुळत नाही. आकड्यांत तुम्ही ‘१९८५’ असे देवनागरीत लिहिले तर स्क्रिप्टला ती संख्याच वाटत नाही. देवनागरी आकडे इंग्रजीत बदलून घेणारी ओळ कुठल्याही शिकाऊ पोराला लिहिता येईल. ती न लिहिता ‘कृपया योग्य वर्ष टाका’ असे म्हाताऱ्या माणसाला बजावणे हा मला उर्मटपणा वाटतो.

नावाचा मुख्य प्रश्न सोडवायचा तर माझ्या मते एकच लांब चौकोन ठेवावा : पूर्ण नाव, आधारवर आहे तसे. त्याखाली वेगळा चौकोन वडिलांचा किंवा पतीचा, आणि ते नाते निवडायची सोय. हा आपल्या जुन्या वल्दियतचाच चौकोन आहे. आडनाव सक्तीचे नको. ज्याला आडनाव नाही, तो सक्ती केली की टिंब टाकतो किंवा आपलेच नाव दोनदा लिहितो, आणि तीच घाण पुढे सगळ्या कागदांत पसरते. ‘शे.’, ‘मो.’, ‘सय्य.’ अशी लघुरूपे शाळेच्या जुन्या रजिस्टरांत सर्रास आहेत. त्यांतल्या टिंबाला स्क्रिप्टने हाकलू नये. विचारावे, ‘शे. म्हणजे शेख का?’ निर्णय भरणाऱ्याचा. स्क्रिप्टने हुशारी दाखवून स्वतःच बदल केला की आणखी घोटाळा होतो. लिप्यंतराची सोय असलेल्या अर्जांत रोमनमधल्या शेखचा शैख होतो, हे आपण रोज पाहतो.

जमिनीच्या रकान्यात तर चूक थेट खिशाला लागते. जुन्या कागदांत क्षेत्र एकर-गुंठ्यांत. चाळीस गुंठ्यांचा एकर. ३ एकर ३९ गुंठे हे ‘३.३९’ असे लिहायची पद्धत. संगणकाचा चौकोन त्याला दशांश समजतो. खरे क्षेत्र ३.९७५ एकर, मशीनने धरले ३.३९. साडेतेवीस गुंठ्यांच्या आसपास जमीन एका टिंबात गेली. इथे एकाऐवजी दोन चौकोन हवेत, एकर वेगळे, गुंठे वेगळे, गुंठ्यात ३९ च्या वर आकडा आला तर स्क्रिप्टने थांबवावे आणि शेजारी हेक्टर-आर मधला हिशेब लगेच दाखवावा, म्हणजे भरणाऱ्यालाच चूक कळेल. दहा ओळींचे काम. फसली तारखेचेही तसेच. ‘१३५७’ टाकले की अर्ज म्हणतो, वर्ष चुकीचे. खरे तर महिन्यांची यादी द्यावी. आजुर, दै आणि बहमनचे बहुतेक दिवस असतील तर सालात ५९० मिळवावे, त्यानंतरच्या महिन्यांना ५९१. उत्तर शेजारी दाखवावे, मूळ फसली तारीख मात्र तशीच जपून ठेवावी. मूळ नोंद पुसून तिच्या जागी आपला हिशेब ठेवणे हा इतिहासाशी अपराध आहे, मग तो कारकुनाने करो की स्क्रिप्टने.

हे सगळे कुणाला बारीकसारीक वाटेल. पण ६ जून २०२५ ला केंद्राचे ‘उम्मीद’ पोर्टल सुरू झाले आणि देशातल्या वक्फ मालमत्तांची माहिती सहा महिन्यांत त्यावर चढवायची, असे ठरले. मराठवाड्यात लहानसहान दर्गे, मशिदी, कब्रस्ताने यांच्या नावे निजामकाळापासूनच्या जमिनी आहेत. त्यांचा आधार म्हणजे उर्दू-फारसीतले मुंतखब. मुतवल्ली अनेकदा सातवी-आठवी शिकलेला, शेती करणारा माणूस. त्याच्या हातात फसली सनाचा, एकर-गुंठ्यांचा कागद, आणि समोर आजच्या साच्याचा ऑनलाइन अर्ज. त्या कायद्यावर माझी मते वेगळी आहेत, ती इथे मांडत नाही. पण मुदत लावून भरून घ्यायच्या अर्जात चौकोन कसा आखला, यावर एखाद्या गावचे कब्रस्तान कागदावर किती मोठे उरेल, हे ठरू शकते.

संगणकीकृत सातबाऱ्यात चुका झाल्या, तेव्हा २०१७ मध्ये राज्य सरकारने गावोगावी चावडी वाचन घेतले. तलाठ्याने उतारे मोठ्याने वाचायचे, गावाने ऐकायचे, ‘हे नाव असे नाही’ म्हणून सांगायचे. सगळीकडे ते नीट झाले असे नाही, पण कल्पना अस्सल होती. ऑनलाइन अर्जातही शेवटचे बटण दाबण्याआधी भरलेली सगळी माहिती मोठ्या मराठी अक्षरांत एका पानावर दाखवता येते, आणि हल्ली ब्राउझरला ती मोठ्याने वाचूनही दाखवता येते. ज्याला वाचता येत नाही, त्याला आपले आणि बापाचे नाव ऐकून तरी कळेल की बरोबर आहे का. सेवा केंद्रात पडद्याचे तोंड ऑपरेटरकडे असते आणि अर्जदार काउंटरच्या पलीकडे उभा असतो. तो पडदा थोडा त्याच्याकडे वळवण्याचे काम मात्र कुठल्याही स्क्रिप्टला जमणारे नाही. ते ऑपरेटरलाच करावे लागेल.